पानं लोंबली म्हणून ऑर्किडला पाणी घालताय? थांबा, आधी मुळं बघा!

चिखलदरा : चार दिवसांपासून झड लागलेली. धुकं थेट ओसरीपर्यंत आलेलं. खिडकीत ऑर्किडची कुंडी, पोरानं दिवाळीला पुण्याहून आणून दिलेली. आणली तेव्हा जांभळ्या फुलांनी लगडली होती. आता फुलं गळाली, पानं मऊ पडली, त्यांच्यावर सुरकुत्या आल्या. सून सासूला सांगते, "आई, ह्या झाडाचे पानं लोंबून रायले. पानी कमी पडलं वाटते." सासू म्हणते, "मंग टाक न अजून एक गडवाभर."

ज्या घरात ऑर्किड आहे, त्या घरात हा संवाद कधी ना कधी होतोच. आणि बहुतेक वेळा त्या एका गडवाभर पाण्यानंच झाडाचा शेवट होतो. कारण झाड तहानलेलं नसतं, ते बुडत असतं. कुंडीच्या आत मुळं सडलेली असतात आणि वरून ते कोणालाच दिसत नाही.

चांगली गोष्ट ही की वेळेवर लक्षात आलं तर असं झाड वाचू शकतं. त्यासाठी महागडं औषध लागत नाही. लागते ती एक धारदार कात्री, थोडा लाकडी कोळसा, नारळाच्या शेंड्या आणि भरपूर सबुरी.

तहान आणि बुडणं, दोन्हीचं रूप सारखंच

पानाला पाणी पोचवतात मुळं. कुंडीत पाणी नसेल तर मुळं ते देऊ शकत नाहीत, म्हणून पान सुकतं. मुळं सडून मेली असतील तर कुंडीत कितीही पाणी असलं तरी ते वर चढत नाही, म्हणून तेव्हाही पान सुकतं. दोन्ही वेळी पान सारखंच दिसतं : लोळागोळा, सुरकुतलेलं, निस्तेज.

माणूस पान बघून निर्णय घेतो आणि फसतो. पान सुकलं की पाणी घालतो, पाण्यानं उरलीसुरली मुळं सडतात, पान आणखी सुकतं, मग आणखी पाणी. या फेऱ्यातून बाहेर पडायचा एकच मार्ग आहे. पानावर विश्वास ठेवू नका, मूळ बघा.

कुंडी पारदर्शक प्लास्टिकची असेल तर काम सोपं. ऑर्किडचं निरोगी मूळ कोरडं असताना रुपेरी-राखाडी दिसतं आणि पाणी मिळालं की हिरवं होतं. मुळं टणक आणि राखाडी असून माध्यम खडखडीत कोरडं असेल, तर झाड खरंच तहानलेलं आहे. मुळं तपकिरी-काळी, मऊ पडली असतील, कुंडीतून कुबट वास येत असेल आणि माध्यम ओलंच असेल, तर झाड बुडतंय. त्याला आता पाण्याचा थेंबही नको.

एक खुलासा. सगळ्यात खालचं एखादं जुनं पान पिवळं पडून गळत असेल आणि बाकीची पानं टणक असतील, तर घाबरायचं कारण नाही. ते म्हातारं झालेलं पान आहे. एकाच वेळी दोन-तीन पानं ढिली पडली तर मात्र कुंडी उघडायची वेळ आली.

हे झाड मुळात मातीतलं नाहीच

बाजारात मिळणारं सगळ्यात कॉमन ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस. रुंद, जाड पानं, लांब दांडी आणि त्यावर फुलपाखरासारखी फुलं. त्याच्या खालोखाल डेंड्रोबियम. हे दोन्ही प्रकार जंगलात जमिनीवर नाही, तर मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात.

मेळघाटातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या जंगलातही जुन्या झाडांच्या सालीला धरून व्हँडासारखी ऑर्किडं वाढतात. बरेच जण त्यांनाही बांडगूळच म्हणतात, पण दोघांत मोठा फरक आहे. बांडगूळ ज्या झाडावर बसतं त्याच्या फांदीत मूळ घुसवून त्याचा रस पितं. ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं. पाऊस, धुकं, दव आणि सालीच्या खाचेत साचलेला पालापाचोळा एवढ्यावर ते जगतं. त्याची मुळं सालीला चिकटलेली असतात किंवा चक्क हवेत लोंबतात.

या मुळांवर पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. त्याला व्हेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की हा स्पंज झटक्यात पाणी शोषतो, सर गेली की वाऱ्यानं पुन्हा सुकतो. भिजणं आणि सुकणं, पुन्हा भिजणं आणि पुन्हा सुकणं, ही त्या मुळाची सवय आहे.

म्हणूनच चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, पावसाळाभर धुक्यात आणि पावसात राहूनही फांदीवरचं ऑर्किड सडत नाही. पाऊस थांबला की वारा त्याची मुळं सुकवतो. तेच झाड कुंडीत, काळ्या मातीत लावून खाली पाण्याची ताटली ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत सडू शकतं. म्हणजे दोष नुसत्या पाण्याचा नाही. मुळाला हवा मिळत नाही, हे खरं दुखणं आहे.

मूळ सडतं म्हणजे नेमकं काय होतं?

मूळही श्वास घेतं. त्याला ऑक्सिजन लागतो. माध्यमात मोकळ्या फटी असतील तर त्यांतून हवा खेळते. त्या फटी सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या तर हवा आत येत नाही. हवेतून ऑक्सिजन जितक्या लवकर पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो साचलेल्या पाण्यातून पसरतो. मूळ अक्षरशः गुदमरतं.

गुदमरलेल्या मुळाच्या पेशी मरू लागल्या की त्यात रोग शिरतो. फ्युजॅरियम आणि रायझोक्टोनिया या बुरशी, तसंच पिथियम आणि फायटोप्थोरा हे बुरशीसारखे दिसणारे जीव अशा वेळी हल्ला करतात. पिथियम आणि फायटोप्थोरा यांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात. साचलेलं पाणी म्हणजे त्यांच्यासाठी मोकळा रस्ताच. एका मुळावरून दुसऱ्या मुळावर, तिथून खोडाच्या बुडापर्यंत ते पोचतात.

संत्र्याचा डिंक्या आठवा

अमरावती जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला फायटोप्थोरा हे नाव नवीन नाही. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात संत्र्याच्या बागांना जो डिंक्या लागतो, तो याच फायटोप्थोरामुळे. भारी काळी जमीन, पावसाचं पाणी तुंबलेलं, बुंध्याशी ओल. आधी मुळं कुजतात, मग बुंध्यातून डिंक गळतो, पानं पिवळी पडतात आणि शेवटी झाड वाळतं.

तिथंही अनेकदा हीच चूक होते. झाड पिवळं पडलं की पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाणी सोडलं जातं. उपाय मात्र उलटा असतो. पावसाळ्यात बागेतून चर काढून पाणी बाहेर काढायचं, बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करायचं, पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डोमलम लावायचा. मोथा भागात स्ट्रॉबेरी गादीवाफ्यावर लावतात, त्यामागचं एक मोठं कारणही हेच : रोपाचं बूड पाण्यात बसू नये.

याच फायटोप्थोराच्या एका भाऊबंदानं १८४५ पासून आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक सडवलं. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं दगावली. तेव्हा या रोगाला हलक्यात घेऊ नये, मग तो बागेत असो की खिडकीतल्या कुंडीत.

इंग्रजांचीही हीच चूक झाली होती

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं. जगभरातून झाडं बोटीनं मागवली जायची आणि काचेच्या बंद, दमट, तापवलेल्या घरात कोंडली जायची. उष्ण देशातलं झाड म्हणजे त्याला उकाडा आणि ओल हवी, एवढीच समजूत. झाडं मोठ्या संख्येनं मेली.

ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या चॅट्सवर्थ इथल्या बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला १८३५ मध्ये भारतात पाठवलं. गिब्सन खासी टेकड्यांमधून, म्हणजे आजच्या मेघालयातून, ऑर्किडं घेऊन १८३७ मध्ये परतले. पॅक्स्टन यांनी काचघरात मोकळी हवा खेळवण्यावर भर दिला आणि तिथं झाडं जगू लागली. जवळपास २०० वर्षांपूर्वीचा हा धडा आजही तसाच लागू आहे.

झाड वाचवायचं कसं? क्रमानं करा

१. सामान आधी जमवा. धारदार कात्री किंवा नवं ब्लेड, स्पिरिट, जुनं वर्तमानपत्र, बादलीभर स्वच्छ पाणी, चमचाभर दालचिनीची पूड, खाली आणि बाजूला भोकं असलेली कुंडी आणि नवीन माध्यम. कात्री स्पिरिटनं पुसून घ्या किंवा ज्योतीवर तापवून गार करा. स्पिरिट लावलेली ओली कात्री मात्र ज्योतीजवळ नेऊ नका, भडका उडतो.

२. झाड बाहेर काढा. कुंडी बाजूंनी दाबा आणि झाड अलगद सोडवा. ओढू नका. मुळं कुंडीला चिकटली असतील तर कुंडीच कापा. जुनं माध्यम सगळं झटका. मध्यभागी, अगदी बुडाशी, मॉसचा किंवा स्पंजाचा घट्ट गोळा आहे का ते नीट बघा. रोप लहान असताना नर्सरीत त्यात लावलेलं असतं आणि तो तसाच राहून जातो. वरचं माध्यम सुकलं तरी हा गोळा आत आठवडाभर ओला राहतो. पुष्कळदा सडायला सुरुवात इथूनच होते. तो काढून टाका.

३. मुळं धुवा आणि बोटांनी चाचपा. रंगावर जाऊ नका. माध्यमाच्या डागामुळे चांगलं मूळही तपकिरी दिसतं. चिमटीत धरून दाबा. टणक लागलं तर जिवंत. पिचपिचीत लागलं, पाणी सुटलं किंवा पोकळ वाटलं तर मेलेलं. मेलेल्या मुळाचं वरचं साल ओढलं की मोज्यासारखं निघून येतं आणि आत नुसता दोरा उरतो.

४. सडलेलं सगळं कापा. इथं माया करू नका. टणक, पांढरट-हिरवा भाग लागेपर्यंत कापत या. दहापैकी आठ मुळं गेली तरी चालेल, पण एकही सडकं मूळ आत ठेवू नका. प्रत्येक मुळानंतर कात्री पुन्हा स्पिरिटनं पुसा, नाहीतर आजार तुमच्याच हातानं पुढच्या मुळावर जाईल. काढलेली मुळं आणि जुनं माध्यम दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

५. जखमेला दालचिनी लावा. कापलेल्या टोकालाच चिमूटभर पूड लावा. दालचिनी जखम कोरडी करते, म्हणून चांगल्या मुळांवर ती भुरभुरू नका, तीही सुकतील. हा घरगुती आधार आहे, रामबाण औषध नाही. खरं काम कात्रीनं आणि हवेनं केलेलं असतं.

६. सावलीत सुकू द्या. वर्तमानपत्रावर झाड आडवं ठेवा. उन्हाळ्यात तीन-चार तास पुरतात. पावसाळ्यात, हवा दमट असताना, रात्रभर ठेवलं तरी हरकत नाही. उन्हात ठेवू नका.

७. नवीन माध्यमात लावा. माती अजिबात नको, शेणखत नको. लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे, नारळाच्या शेंड्यांचे तुकडे आणि विटेचे किंवा जुन्या कवेलूचे खडे एवढं पुरतं. बाजारात पाईनची साल मिळाली तर उत्तम. शेंड्यांमध्ये क्षार असतात, म्हणून त्या दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा आणि मग सुकवून वापरा. कोळसा चुलीतल्या लाकडाचा चालेल, दगडी कोळसा नको. कुंडी मोठी घेऊ नका. उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच हवी. मोठ्या कुंडीत मध्ये ओल टिकून राहते. खोडाचं बूड वर ठेवा, माध्यमात गाडू नका. झाड डुगडुगत असेल तर काडीचा आधार द्या.

८. लगेच पाणी देऊ नका. तीन-चार दिवस जखमा भरू द्या. मग पहिलं पाणी. नवीन मुळं फुटेपर्यंत खत बंद. फुलांची दांडी असेल तर मन घट्ट करून ती कापा. ज्याच्याकडे मुळंच नाहीत, त्यानं फुलं पोसायची कशी?

एकही मूळ उरलं नसेल तर?

अशा वेळी आशा कमी असते, पण प्रयत्न करता येतो. खोड आणि वरचा कोंब टणक असेल तरच या वाटेला जा.

पारदर्शक डबा किंवा मोठी प्लास्टिकची पिशवी घ्या. तळाशी मॉस ठेवा. ते भिजवून घट्ट पिळलेलं असावं, दाबलं तर पाणी टपकायला नको. झाडाचं बूड त्या ओल्या मॉसच्या थोडं वर राहील असं ठेवा. तोंड सैल बांधा आणि उजेड असलेल्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. रोज दहा-पंधरा मिनिटं उघडून हवा द्या, बुरशी दिसली तर पुसून घ्या. आतल्या दमट हवेमुळे पानांतलं पाणी कमी उडतं आणि झाडाला नवीन मूळ काढायला वेळ मिळतो.

हा वेळ एक महिना असू शकतो, तीन महिनेही. या काळात डबा उन्हात राहिला तर झाड शिजेल, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

पानांच्या मधोमध असलेला कोंबच काळा पडून हातात आला असेल, तर गोष्ट वेगळी. फॅलेनॉप्सिसला वाढीचा एकच शेंडा असतो. तो गेला की झाड सहसा वाचत नाही. क्वचित बुडातून छोटं पिल्लू फुटतं. पानांच्या बेचक्यात पाणी साचून हे होतं. म्हणून पाणी घालताना तिथं थेंब राहिला तर कापसानं टिपून घ्या.

या चुका टाळा

दिसेल ती बुरशीनाशकं मारणं. कार्बेन्डाझिम घरात पडलेलं असतं म्हणून अनेक जण तेच ओततात. पण पिथियम आणि फायटोप्थोरावर ते चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळी औषधं आहेत. औषध वापरायचंच असेल तर कृषी सहायकाला विचारून, लेबलवरच्या प्रमाणात, हातमोजे घालून आणि स्वयंपाकघरापासून, लेकराबाळांपासून लांब वापरा. सडलेली मुळं न कापता कोणतंही औषध ओतलं तर ते वाया जातं.

हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवणं. मोबाईलवरच्या व्हिडिओत मुळांवर फेस येताना दिसतो आणि बरं वाटतं. पण हे रसायन रोगाबरोबर मुळाच्या चांगल्या पेशीही जाळतं.

अशक्त झाडाला खत देणं. मुळं नसलेल्या झाडाला खत म्हणजे तापलेल्या माणसाला पुरणपोळी. पचणार नाही, उलट उरलेली टोकं करपतील.

रोज थोडं थोडं पाणी. ही सगळ्यात मोठी चूक. ऑर्किडला पाणी द्यायचं तर भरपूर द्यायचं, पूर्ण कुंडीतून धो-धो वाहून जाईल असं. मग ते निथळू द्यायचं, ताटली रिकामी करायची आणि माध्यम जवळपास कोरडं होईपर्यंत विसरून जायचं.

पाणी कधी द्यायचं, हे वार बघून ठरवू नका

"आठवड्यातून दोनदा" असा हिशेब वऱ्हाडात चालत नाही. चिखलदरा आणि अकोला यांच्यातलं अंतर नकाशावर फार नाही, पण हवेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, कुंडी दोन-तीन दिवसांत सुकते. त्याच घरातली कुंडी जुलैत चिखलदऱ्याला आणली तर धुक्यात दहा-बारा दिवसही ओली राहू शकते.

म्हणून खराट्याची एक कोरडी काडी कुंडीत बुडापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओलसर, गार लागली तर पाणी नको. कोरडी निघाली तर द्या. दुसरी खूण वजनाची. पाणी दिल्यावर कुंडी उचलून बघा, सुकल्यावर पुन्हा उचला. चार-पाच वेळा केलं की हातालाच कळायला लागतं.

ऋतूप्रमाणे एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं :

पावसाळा : कुंडी छपराखाली घ्या. झड लागली असताना बाहेर ठेवू नका. भिंतीला टेकवू नका, चारी बाजूंनी हवा लागू द्या. खालची ताटली काढूनच टाका.

हिवाळा : चिखलदऱ्याची रात्र चांगलीच गार असते आणि फॅलेनॉप्सिसला १५ अंशांच्या खालचं तापमान मानवत नाही. गार आणि ओलं मूळ लवकर सडतं. म्हणून पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी नाही. रात्री कुंडी खिडकीपासून आत घ्या.

उन्हाळा : परतवाडा, अमरावती, अकोला भागात दुपारच्या गरम झळांपासून वाचवा. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. कुंडीशेजारी पसरट भांड्यात खडे आणि पाणी ठेवलं तर आजूबाजूला थोडा दमटपणा राहतो. कुंडीचं बूड मात्र पाण्याच्या वर हवं.

पाणी कोणतं, हेही बघा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा अशा खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. मुळांची टोकं त्यानं करपतात. तिथं छपरावरून धरलेलं पावसाचं पाणी ऑर्किडसाठी सगळ्यात चांगलं.

मोबाईलचा असाही उपयोग

कुंडी बदलली त्या दिवशी पानांचा आणि मुळांचा फोटो काढून ठेवा. मग दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच बाजूनं फोटो काढा. झाड इतकं हळू बदलतं की रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की कळतो. कोणाला सल्ला विचारायचा असेल तर नुसत्या पानांचा फोटो पाठवू नका. झाड काढून मुळांचा फोटो पाठवा. रोग तिथं आहे.

जुन्या पानांवरच्या सुरकुत्या पूर्ण जातीलच असं नाही. त्यावरून निराश होऊ नका. नवीन पान टणक येतंय का आणि बुडातून नवीन मूळ डोकावतंय का, एवढंच बघा. झाड पूर्ण सावरायला सहा महिने ते वर्षही लागू शकतं, फुलं त्यानंतर.

जंगलातलं ऑर्किड जंगलातच राहू द्या

हा सगळा खटाटोप वाचून कोणाला वाटेल, बाजारातलं महागडं झाड कशाला, जंगलातून एक आणू आणि कुंडीत लावू. पर्यटकही कधी आठवण म्हणून फांदीवरचं झाड ओरबाडून नेतात. ते जगण्याची शक्यता फार कमी. सालीला चिकटलेली मुळं ओढताना तुटतात, घरी ते मातीत लावलं जातं, वर रोज पाणी घातलं जातं आणि काही आठवड्यांत तेही सडतं.

शिवाय हा गुन्हा आहे. मेळघाट हा देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय कोणतीही वनस्पती काढायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बंदी आहे. जगभरातल्या रानटी ऑर्किडच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय करारानं निर्बंध आहेत.

ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्यात रोपाला पुरेल असा अन्नाचा साठा नसतो. सालीवर योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं आणि फुलायला कित्येक वर्षं घेतं. एका मिनिटात ओरबाडलेलं झाड पुन्हा त्या फांदीवर यायला एवढा वेळ लागतो. वाऱ्यानं पडलेल्या फांदीवर ऑर्किड दिसलं तर ते घरी न नेता वनरक्षकाला सांगणं बरं.

घरात ऑर्किड हवंच असेल तर नर्सरीतलं घ्या. आणल्यावर पहिल्याच दिवशी कुंडीच्या खाली भोकं आहेत का बघा, शोभेच्या बंद कुंडीतून ते बाहेर काढा आणि मुळं कशी आहेत ते तपासा.

आणि ज्यांच्या खिडकीत पानं लोंबलेली कुंडी आत्ता या क्षणी आहे, त्यांनी हातातला गडवा खाली ठेवावा. कात्री शोधावी, वर्तमानपत्र पसरावं आणि कुंडी उलटी करावी. आत दोन टणक मुळं जरी सापडली, तरी झाड अजून गेलेलं नाही.